पाच नंबरचा कप्पा

(टर्की पक्ष्यांची शेड. दुपार. एकीच्या हातात पक्षी, दुसरीच्या हातात सुई.)

नणंद : पंख आणखी वर घे, वहिनी. शीर दिसत नाहीये.

वहिनी : घेतला. आता?

नणंद : दिसली. हलू देऊ नकोस तिला.

वहिनी : ती कुठे हलतेय. टोच तू.

नणंद : झालं, कापूस दाबून धर. पायातल्या कड्यावरचा आकडा सांग.

वहिनी : पाच, मग रेघ, मग एकोणीस.

नणंद : पाच-एकोणीस. नळीवर लिहिला. आता नळीवरचा तू वाच, मोठ्याने. प्रयोगशाळेतले साहेब म्हणालेत, या वेळी दोघींनी वाचायचा. माझ्या एकटीच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरलेला नाही.

वहिनी : पाच-एकोणीस. झालं तुझ्या साहेबांचं समाधान? सोडते हिला. जा बाई, सुटलीस.

नणंद : पुढची दे. अजून सात राहिल्यात.

वहिनी : दोन महिन्यांपूर्वी एवढं रक्त नेलंस, ते काय वाटेत सांडलं?

नणंद : सांडलं असतं तर बरं झालं असतं. फोनवर सांगितलं ना तुला, निकालच विचित्र आला. पाच नंबरच्या कप्प्यातले बारा पक्षी आणि दोन नंबरच्या कप्प्यातले बारा, रक्ताने सगळे एकाच घरातले निघाले.

वहिनी : आणि सात?

नणंद : सात वेगळे आहेत, दादाच्या वहीत आहेत तसेच. घोळ फक्त पाच आणि दोनचा. साहेब म्हणतात, तू एकाच कप्प्यात दोनदा शिरलीस आणि घरी जाऊन वेगळे आकडे लिहिलेस.

वहिनी : शिरली असशील.

नणंद : दादा होता ना बरोबर. त्यानेच पक्षी धरले होते.

वहिनी : तब्येत बरी नव्हती त्यांची तेव्हा. चुकला असेल कप्पा.

नणंद : दादाचा? डोळे बांधून सोडला असता, तरी नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं त्याने, हा दोनचा आहे की सातचा.

वहिनी : शेवटी माणूसच आहेत ते. होते. घे, ही पकडली. पाच, रेघ, सव्वीस.

नणंद : पाच-सव्वीस. वहिनी, तू झोपतेस का गं नीट?

वहिनी : झोपते की. झोपते, जेवते, दाणापाणी करते. शेजारीण म्हणाली, पाच आठवडे झाले, डोळ्यांतून टिपूस नाही, बाई दगडाची आहेस तू. मी म्हटलं, असेन. तुझं काय?

नणंद : माझं तसंच. परवा प्रयोगशाळेतली एकजण विचारत होती, तुमचे भाऊ गेले ना? मी हो म्हटलं आणि तिच्याकडे नळ्यांचा डबा मागितला. ती बघतच राहिली.

वहिनी : मग दिला का डबा?

नणंद : दिला.

वहिनी : मग झालं तर. कापूस संपत आलाय तुझा.

नणंद : पिशवीत आहे दुसरा. गाडीचं काय कळलं?

वहिनी : उद्या सकाळी आठला. साहेबांचा मलाही फोन आला होता. हे नाहीत, तेव्हा इथले कप्पे बंद. दोन आणि पाच तिकडच्या पैदास केंद्रात जाणार, दोनच कप्प्यांची जागा आहे म्हणाले. सातचे चाळीसच्या चाळीस कापायला. पिंजरे धुऊन ठेवा म्हणाले.

नणंद : धुतलेस?

वहिनी : कालच. ठकू, एक विचारते. हे आज काढतेयस, त्या रक्ताचा निकाल कधी लागेल?

नणंद : तीन आठवडे तरी.

वहिनी : आणि गाडी उद्या.

नणंद : साहेब निकालासाठी थांबलेलेच नाहीत. कुठले दोन ठेवायचे, ते वहीवरून ठरलंय. वहीत लिहिलंय की पाच सगळ्यांत जुना, तीस वर्षं बाहेरचा एक नर त्यात शिरलेला नाही. आणि दोन त्याच्यापासून सगळ्यांत लांबचा. म्हणून ते दोन. आजचं रक्त फक्त माझी चूक निस्तरायला आहे.

वहिनी : पण एवढं पाचचंच कशाला धरून बसलेत?

नणंद : जीनोम वाचायचाय ना. एका पक्ष्याचा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा मजकूर. तो सलग वाचता येत नाही, लाखो तुकडे करून वाचावा लागतो आणि मग ते तुकडे जोडत बसायचं. आईकडून एक प्रत आलेली असते, बापाकडून एक. दोन्ही प्रती जितक्या सारख्या, तितकी जोडणी सोपी. पाचमध्ये वर्षानुवर्षं घरातल्या घरातच जोड्या लागल्यात, म्हणून पाच. आणि मादी हवी. नर-मादी ठरवणारी दोन्ही गुणसूत्रं मादीतच असतात.

वहिनी : चला, पक्ष्यांत तरी बाईकडे सगळं असतं.

नणंद : हसलीस तू.

वहिनी : हसले का? बरं. मग एक वाचला की झालं काम?

नणंद : एकाने काय होतंय. तो नुसता पाया. त्याच्या शेजारी दुसरे ठेवून बघायचं, कुठे वेगळे आहेत ते. बाजारातला पांढरा टर्की कुठूनही आणलास तरी एकाच साच्यातला. उद्या एखादा रोग आला आणि त्याच्याशी लढायचं बळ त्या साच्यात नसलं, तर ते आणायचं कुठून? असल्या जुन्या कप्प्यांतून. ते जिवंत असले तर. वाचून ठेवलेल्या मजकुरातून पिल्लू निघत नाही, वहिनी.

वहिनी : आणि समज, तुझ्या नळ्या बरोबर असल्या. पाच आणि दोन खरंच एकच असले. मग उद्या काय होईल?

नणंद : मग एकच घर आपण दोन पेट्यांत जपून ठेवू, आणि जे खरंच वेगळं होतं ते कापून टाकू. पण तसं कसं असेल? वही आहे ना.

वहिनी : हं.

नणंद : मला खटकतंय ते वेगळंच. मी दोनदा एकाच कप्प्यात शिरले असते, तर चोवीस पक्षी एकाच ढिगात पडले असते. तसे नाहीत ते. बाराचा एक गट, बाराचा दुसरा, मध्ये जरासं अंतर. वीस-बावीस पिढ्यांपूर्वी एकाच घरातून फुटून वेगळे झाल्यासारखे. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, चूक झाली की माणसाला काहीही दिसतं.

वहिनी : सुई खाली ठेव.

नणंद : का? शीर सापडलीय.

वहिनी : ठेव म्हटलं ना. उगाच भोसकू नकोस हिला. तुझ्या नळ्या बरोबर आहेत.

नणंद : म्हणजे?

वहिनी : म्हणजे बरोबर आहेत. पाच नंबर बावीस वर्षांपूर्वी संपला. मी संपवला.

नणंद : वहिनी, तू बस जरा. पाणी देऊ का?

वहिनी : मला काही झालेलं नाही. उभ्यानेच सांगते. तुला कॉलेजात घालायला हे तुझ्याबरोबर गेले होते, अकरा दिवस. आठवतं?

नणंद : आठवतं. खोली मिळत नव्हती मला.

वहिनी : जाण्याच्या एकोणीस दिवस आधी त्यांनी स्वतः अंडी भरली होती. उबवणीच्या एका यंत्रात पाचची साठ, दुसऱ्यात दोनची साठ, दोन्ही एकाच दिवशी भरलेली. सातची आधीच निघाली होती. तेव्हा जागा एवढीशी. अंडी भरली की जुने पक्षी काढून टाकायचे, ही रीत. म्हणजे ते अठ्ठावीस दिवस अख्खा पाच नंबर त्या एका यंत्रात, साठ टरफलांच्या आत. बाहेर एक पीससुद्धा नाही.

नणंद : माहीत आहे. दादा त्या दिवसांत कुणाला यंत्राच्या खोलीत पाऊल टाकू द्यायचा नाही.

वहिनी : मला दिलं होतं. त्या वर्षी उंदीर झाले होते. यंत्राच्या मागे हवेचं भोक असतं, त्यात मी दुपारी फडकं कोंबलं. म्हटलं, झाडून घेते तेवढ्यापुरतं, मग काढते. नाही काढलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आतला वासच वेगळा. चार अंडी फोडून बघितली. मग दहा. मग सगळी बघितली उजेडावर धरून. एकात हालचाल नव्हती.

नणंद : मग?

वहिनी : मग काय. दोनच्या यंत्रातली निम्मी काढली. अंड्यावर पेन्सिलीने आकडा असतो ना, तो दोनचा आकडा ओल्या बोटाने पुसला आणि पाच लिहिला. तीस अंडी. माझं पाचचं वळण ह्यांच्यासारखं येत नव्हतं, तर आधी कागदावर गिरवून बघितलं. मेलेली साठ मागे पुरली. हे यायच्या दोन दिवस आधी पिल्लं निघाली. पाचची, दोनची.

नणंद : आणि दादाला सांगितलं नाहीस.

वहिनी : नाही.

नणंद : कधीच नाही?

वहिनी : पहिल्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं, तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. मग ते वाढतच गेलं.

नणंद : आणि आत्तासुद्धा तू म्हणालीस, शिरली असशील म्हणून. माझ्यावर ढकललंस.

वहिनी : ढकललं. सकाळपासून तेच करतेय. ह्यांच्यावरही ढकललं मघाशी, ऐकलंस की.

नणंद : माझा प्रबंध वहिनी, अर्धा त्या वहीवर उभा आहे. पाचचं वजन, दोनचं वजन, पाचमध्ये मरतात किती, दोनमध्ये किती. वेगळ्या घराण्यांचे म्हणून मांडलेत मी ते आकडे.

वहिनी : कळतंय मला.

नणंद : मला राग यायला हवा ना आत्ता?

वहिनी : यायला हवा.

नणंद : येत नाहीये. कुणीतरी दुसऱ्या घरातलं सांगतंय असं वाटतंय.

वहिनी : मलाही तसंच वाटतंय सांगताना. फोन लाव साहेबांना.

नणंद : थांब. जरा विचार करू. जीनोमच्या कामावर दादाचं नाव जाणार आहे. ज्याने तीस वर्षं कप्पा बंद ठेवला तो माणूस म्हणून. उभ्या जन्मात त्याचं नाव कुठे छापून आलं नाही. आणि आता येतंय, तर आपणच सांगायचं की वही खोटी आहे?

वहिनी : आणि सात?

नणंद : चाळीस पक्षी आहेत, वहिनी. पक्षीच आहेत.

वहिनी : हे तू बोलतेयस? मजकुरातून पिल्लू निघत नाही म्हणणारी?

नणंद : बोलतेय खरी. उद्या आठ वाजेपर्यंत दोघी गप्प बसलो तर पुढे कुणी विचारणार नाही. झाकली मूठ.

वहिनी : झाकली मूठ मी बावीस वर्षं धरलीय. हात बधिर होतो, बाकी काही होत नाही. आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तू नाही तर दुसरा कुणी तपासेल रक्त. तेव्हा मात्र सात नसेल.

नणंद : वही कुठे आहे? त्या वर्षाची?

वहिनी : दाण्याच्या पेटीवर, वरून तिसरी. हात पूस आधी, पानांना रक्त लागेल.

नणंद : ही बघ. पाच, साठ अंडी, पिल्लं सव्वीस. दोन, साठ अंडी, पिल्लं सत्तावीस. दोन्हीकडे निम्म्याहून कमी. दादाने शेरा काहीच लिहिलेला नाही. एरवी दोन पिल्लं कमी निघाली तरी पानभर लिहायचा.

वहिनी : दमून आले होते ते प्रवासातून.

नणंद : वहिनी, विक्रीची पिल्लं कुठल्या जोडीची असायची?

वहिनी : कप्प्यातली सोडून, बाहेर द्यायची ती? पाचचा नर आणि दोनच्या माद्या. लांबचं रक्त एकत्र आलं की पिल्लं दणकट निघतात, असं हे म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून तीच जोडी.

नणंद : आणि नंतर?

वहिनी : नंतर सातचा नर लावायला लागले. पाचचा नर तापट झाला म्हणून.

नणंद : इथेही तसंच लिहिलंय. पुढच्या वर्षी, पाच-दोन जोडी बंद, नर तापट. त्याच्या पुढच्या वर्षी, बंद, नर तापट. त्याच्याही पुढच्या. वहिनी, नर दरवर्षी नवा असतो ना?

वहिनी : असतो.

नणंद : बावीस वर्षांत बावीस नर. सगळे तापट?

वहिनी : एकही नव्हता. लेकरासारखे मागे फिरायचे माझ्या. मला वाटायचं, ह्यांनाच का टोचतात कुणास ठाऊक.

नणंद : भावाला बहिणीशी लावत नव्हता तो. दुबळी पिल्लं लोकांच्या पदरात घालायची नव्हती त्याला.

वहिनी : एक मिनिट थांब.

नणंद : थांबले.

वहिनी : आल्या आल्या यंत्राच्या खोलीत गेले होते. पाचच्या पेटीतलं एक पिल्लू उचललं. उलटं केलं, पायाची बोटं बघितली, डोक्यावरच्या रेषा बघितल्या. मग पिल्लू खाली ठेवलं आणि मला म्हणाले, तू जेवलीस का?

नणंद : बास, एवढंच?

वहिनी : एवढंच. मला वाटलं, सुटले.

नणंद : मी तुला एक सांगितलेलं नाही. या वर्षी रक्त घ्यायला मी आपणहून आले नव्हते. मी म्हटलं होतं, वही आहे, तिच्यावरून पक्षी निवडू, उगाच खर्चात कशाला पडायचं. दादाने फोन केला. म्हणाला, वहीवर जाऊ नकोस ठकू, तिन्ही कप्प्यांचं रक्त घेऊन जा. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, तुमचं यंत्र सांगेल ते बरं.

वहिनी : तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना फार दिवस नाहीत म्हणून सांगितलेलं होतं.

नणंद : हो, त्या फोनच्या आठवडाभर आधीच सांगितलं होतं. वहिनी, आता सांगितलं तर त्याचंही नाव येईल यात. तापट हे त्याच्या अक्षरात आहे. बावीस वेळा. फसलेला माणूस नाही राहणार तो, फसवणारा होईल.

वहिनी : माझ्यासाठी.

नणंद : ते छापत नाहीत, कुणासाठी ते.

वहिनी : लाव फोन. आणि माझ्या हातात दे. तू बोललीस तर तू काहीतरी पदरचं घालशील.

नणंद : लागलाय. घे.

वहिनी : साहेब, मी शेडवरून बोलतेय. हो, रक्त काढलं, पाच पक्ष्यांचं. पुढचं काढायची गरज नाही. तुमच्या बाईंच्या नळ्या बरोबर आहेत. नाही, त्या कुठल्याही कप्प्यात दोनदा शिरल्या नाहीत. चूक माझी आहे, बावीस वर्षांपूर्वीची. पाचची अंडी माझ्या हातून मेली आणि मी दोनची त्या जागी ठेवली. हो, शुद्धीवर आहे मी. सात वेगळा आहे, त्याला ठेवा. वही? वहीत लिहिलेलं आहे, बघणाऱ्याला दिसेल. हो. हो, ह्यांना माहीत होतं. नाही, मला त्यांनी नाही सांगितलं. आजच कळलं.

नणंद : काय म्हणाले?

वहिनी : म्हणाले, सात आणि दोन जातील तिकडे. कापायच्या गाडीत पाच घाला.

नणंद : आणि दादाचं नाव?

वहिनी : म्हणाले, आता ते अवघड आहे.

नणंद : जीनोमचं?

वहिनी : सगळं पुन्हा पहिल्यापासून बघू म्हणाले. तू उद्या ये म्हणालेत, सगळे कागद घेऊन. आवाज चढवला नाही त्यांनी.

नणंद : पाचचे पक्षी तू वाढवलेत, वहिनी. उद्या गाडीत मी चढवीन. तू आत बस.

वहिनी : नको. कडी आजच काढायला हवीत, कापायला जाणाऱ्यांच्या पायात कडी ठेवत नाहीत. पक्कड दे ती. हिच्यापासून सुरू करू.

नणंद : वहिनी, रडायचं असेल तर रड. इथे मीच आहे.

वहिनी : येत नाही गं. मी काय म्हणते, इतकी वर्षं मला वाटायचं की मी ह्यांना घाबरून गप्प आहे. आणि ते मला घाबरून गप्प असतील, हे कधी डोक्यातच आलं नाही. पाय धर हिचा. हलवू नकोस.